न घातलेली चूक

बाबा, उद्या सोमवार आहे आणि मला त्याआधी एका गोष्टीचं उत्तर हवं आहे. तुम्ही मला ज्या पद्धतीने शिकवलंत, ती चांगली होती का? तुम्ही उत्तर देणार नाही हे मला कळतं. पण हे विचारावं असं दुसरं कुणी माझ्याकडे नाही.

अंबरनाथच्या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासणाऱ्या बायकांवर तुम्ही साहेब होतात. दिव्यासमोर एकेक कुपी फिरवून बघायची, तडा किंवा कण दिसला तर बाजूला काढायची. बघून बघून नजर मरते, म्हणून तुम्ही मधूनच एखादी तडकलेली कुपी मुद्दाम ट्रेमध्ये सरकवायचात. ती सुटली तर अख्खा ट्रे पुन्हा तपासायचा. तेच तुम्ही घरी आणलंत. पहिलीच्या बाईंनी बोलावून सांगितलं, हिला सगळं आधीच येतं आणि ही बाकीच्यांना बसू देत नाही, तेव्हा तुम्ही मला शाळेतून काढून घरी बसवलंत. आत्या चिडली होती. ‘दादा, पोरीचं काय लोणचं घालणार आहेस का घरात?’ तुम्ही म्हणालात, ‘मुरू दे थोडी.’

तुमची दुसरी पाळी असली की सकाळ आपली. बदलापूरला मांजर्लीतल्या घराचं ते स्वयंपाकघर, आई भाकऱ्या थापतेय, आणि तुम्ही फरशीवर खडूने गणित मांडताय, नकाशा काढताय. त्यात कुठेतरी एक चूक घातलेली आहे. ‘शोध,’ म्हणता आणि चहा पीत बसता. उल्हास नदी तुम्ही खुशाल कर्जतकडे वाहवता. ‘बाबा, नदी डोंगर चढतेय!’ मी किंचाळते, आणि तुम्ही कपाळाला हात लावता, जणू खरंच चुकलात. इतकं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.

मग चुका वाढल्या. एका पाढ्यात दोन-दोन, तीन-तीन. मला वाटलं मी मोठी झाले, म्हणून तुम्ही खेळ अवघड केलात. एकदा जेवताना तुम्ही आईला आत्याच्या नावाने हाक मारलीत. मी टाळी वाजवली, ‘सापडली!’ आई हातात उलथनं धरून तशीच उभी राहिली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. ‘शाबास,’ म्हणालात, ‘ही कठीण होती.’ पुढे मुंबईच्या हॉस्पिटलात डोक्यातली गाठ कळली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नव्हतात. त्यातल्या कुठल्या चुका तुम्ही घातलेल्या आणि कुठल्या नव्हत्या, हे मला आजही सांगता येत नाही.

आता मी उल्हासनगरच्या एका शाळेत असामान्य बुद्धीच्या मुलांचा शनिवारचा वर्ग घेते. अभ्यासक्रम मीच तयार केला आणि तो तुमच्या पद्धतीवर उभा आहे. प्रत्येक पाठात एक चूक. मुलं अगदी तुटून पडतात. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे सर खूश आहेत. उद्या अंबरनाथ आणि बदलापूरच्या शाळांतले शिक्षक येणार आहेत, त्यांना मी हे शिकवायचं, म्हणजे जूनपासून तिकडेही असे वर्ग सुरू होतील.

वर्गात आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई घरी बसून जीन्सचे धागे कापते. गेल्या आठवड्यात ती बाई मला भेटायला आली. ‘मॅडम, शिकवा तुम्ही, त्याचं काय नाय. पण ही आता डाळ पण तपासून खाते. परवा पप्पांना बोलली, तुम्ही खरंच कामावरनं आलात की मुद्दाम सांगताय? ते हसले. मला नाय आलं हसायला.’ मी सरांना हे सांगितलं. ‘अहो मॅडम, याला चौकसपणा म्हणतात,’ सर म्हणाले. ‘या पालकांना मूल गप्प बसलं तरी टेन्शन, बोललं तरी टेन्शन!’

तो चौकसपणा मी ओळखते, बाबा. गॅस बंद केला का बघायला मी जिन्यातून परत फिरते, तेही पुन्हापुन्हा. डॉक्टरांनी ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हटलं की मी त्यांचा चेहरा वाचत बसते. कुणी माझं कौतुक केलं तर त्यात काय घातलंय ते शोधते.

म्हणून काल मी एकही चूक न घालता शिकवलं आणि शेवटी तसं सांगितलं. बाकीची मुलं ‘चीटिंग, चीटिंग!’ ओरडत पळाली. ती मुलगी बसून राहिली. डोळे फळ्याच्या वरून खाली, खालून वर.

‘आहे. तुम्ही सांगत नाही.’

‘नाही गं बाळा, खरंच नाही.’

‘पण हे पण तुम्ही मुद्दाम बोलू शकता ना?’

शिपाईमामा दारात किल्ल्या वाजवत उभे होते. ती रडायच्या बेतात होती. मी एका बरोबर गणितावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘ही बघ, इथे.’ तिने ते गणित पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ‘हो मॅडम,’ म्हणाली, आणि दप्तर उचलून निघून गेली. तिथे चूक नव्हती, हे तिला कळलं होतं. आठ वर्षांच्या पोरीने माझी समजूत घातली होती. पुढच्या शनिवारी ती आली तर मी तिच्यासमोर उभी कशी राहू? आणि नाही आली तर?

आज सकाळी सरांना कळवायला बसले, की ही पद्धत मी कुणालाही शिकवणार नाही, जूनचे वर्ग थांबवा. आता दुपार टळली. तसं लिहायचं म्हणजे तुमच्याकडून मला जे मिळालं, ते मीच माझ्या हाताने बाजूला काढायचं. दुसरं तुमचं काही माझ्याकडे नाही. सरांना अजून एक ओळही गेलेली नाही, बाबा. हे मात्र सगळं लिहून झालं.