दाराची उंची

दि. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र.

रिसॉर्टचं काम संपत आलं. बेटावरचं एकही झाड तोडलेलं नाही; सोळा नंबरच्या खोलीत तर खोड न्हाणीघरातूनच वर जातं. जुन्या घरांपैकी एकच उभं ठेवलं आहे, ते आपलं. वारसा म्हणून. तिथे आता पाहुणे राहतील. तुम्ही मला घेऊन निघालात तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे मला त्यातलं काहीच आठवत नाही. सांडपाण्याची पाइपलाइन मात्र माझी आहे.

अडचण दाराची. उंची एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटर. चाचणीला आलेल्या दोन पाहुण्यांची कपाळं सुजली. मॅनेजर वीस तारखेला चौकट कापून उंच करणार आहेत. दार तुम्ही केलंत. एवढं बुटकं का केलंत? कारण असेल तर लिहावं, मी त्यांच्यापुढे ठेवीन. जमल्यास या. बोटीत जागा मिळते.

लोभ आहे असं गृहीत धरते.

आपली,
मुलगी

दि. १० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस, अनेक आशीर्वाद.

एवढ्याशा पत्रात इतके आकडे आणि बापाच्या गुडघ्यांची चौकशी शून्य! शेजारीण विचारते, लेक काय करते. मी सांगतो, श्रीमंतांचं सांडपाणी वाहून नेते. तिला वाटतं मी थट्टा करतोय.

आता दाराचं ऐक. मी सुतार आहे, फूट-इंच मलाही कळतात. पण ते दार तुझ्या आईला उभं करून आखलं. तिच्या डोक्यावर माझी चार बोटं आडवी धरली आणि तिथे खडूची रेघ मारली. मी कुरकुरलो की मला रोज वाकावं लागेल. तिचं म्हणणं पडलं की बाहेर मी कुणापुढे वाकत नाही, घरात तरी वाकावं. झालं, पुढे कोण बोलणार?

पण एकशे चव्वेचाळीस? अगं, आई ठेंगणी होती, बाहुली नव्हती. चौकट मी हलवलेली नाही. जमीन कुणी हलवली ते बघ.

येण्याचं म्हणशील तर, ती गेल्यावर त्या दारातून एकदाच बाहेर पडलो, तुला कडेवर घेऊन. परत आत शिरायचा धीर अजून होत नाही. आपल्याकडे तिचा एकच फोटो, तोही बसून काढलेला. म्हणून सांगतो, चौकटीला करवत लावू देऊ नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं जरा लांब कर.

तुझा,
बाबा

दि. २२ फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत?

जमीन मीच हलवली होती. पाइपांना उतार मिळावा म्हणून घरात चौदा सेंटिमीटर भर घालून वर फरशी बसवली. नकाशावर सही माझी आहे. दार बुटकं नव्हतं, मी केलं. अहवालात तसंच लिहिलं. मॅनेजर म्हणाले की ही सद्बुद्धी उद्घाटनाच्या तोंडावरच बरी सुचली. पण पाइप घराबाहेरून फिरवायला त्यांनी चार दिवस दिले. फरशी फोडली. चौकट राहिली. माहितीपत्रकात आता ‘नम्र प्रवेशद्वार’ असं छापणार आहेत. मॅनेजर स्वतः तिथे पहिल्याच दिवशी आपटले.

खाली तुमची जुनी जमीन लागली. तिच्यावरून मोजलं, एकशे अठ्ठावन्न. माझी चार बोटं साडेसहा सेंटिमीटर भरतात. तुमची आठ धरली तर आई एकशे पन्नास. हा अंदाज आहे आणि अंदाजावर माझं भागत नाही. नक्की आकड्यासाठी तुमचा हात इथे लागेल.

काल संध्याकाळी मी एकटीनेच आतबाहेर करून पाहिलं. मला वाकावं लागतं. म्हणजे मी तिच्यापेक्षा उंच आहे, बाबा. हे मला माहीत नव्हतं. मग दारात उभी राहून गुडघे थोडे मुडपले, तिच्या उंचीवर आले, आणि तिथून समुद्र कसा दिसतो ते बघितलं. पाय भरून येईपर्यंत बघितलं.

लोभ असू द्या.

तुमची,
मुलगी