माझे डोळे वाजतात

३ मार्च

आज पक्कं झालं. डोळेच वाजतात!

उंदीर नाही. पंखा नाही. इतके दिवस कपाटाखाली झाडू घालून घालून मी उंदीर शोधत होते. आज कारखान्यात टोस्टची पाकिटं भरताना मशीन बंद पडलं, सगळीकडे शांत झालं, आणि मी नुसतं डावीकडे बघितलं — कर्र. उजवीकडे बघितलं — कर्र. डोळे मिटून आतल्या आत फिरवले — तरी कर्र! कोरड्या वर्तमानपत्राने काच पुसावी तसं.

शेजारी बसणाऱ्या बाईला म्हटलं, ऐक गं, माझे डोळे वाजतायत. तिने बिचारीने कान माझ्या डोळ्याला लावला. "काही नाही येत." मग जरा लांब सरकून म्हणाली, "झोप होते ना नीट?"

४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. नवरा प्लंबर. त्याला जगात दोनच आजार माहीत — गळतं किंवा तुंबतं. म्हणाला, "दिवसभर माझ्यावर डोळे वटारतेस, झिजले असतील."

मी वटारले. वाजले.

८ मार्च

नुसते डोळेच असते तर चाललं असतं. टोस्ट चावला की डोक्यात कुणीतरी भिंत पाडतंय. चालले की टाचा कानात आपटतात. माझाच आवाज मला हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

आणि आज भोंगा! जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि जमीन एका बाजूने उचलली गेली. मी गेले डावीकडे — थेट सुपरवायझरच्या अंगावर. तो आधीच लाजाळू. टोस्टचा ट्रे पडला, सगळ्या बाया हसल्या. भोंगा थांबला तशी मी आपोआप सरळ. तो मात्र संध्याकाळपर्यंत लाल होता.

९ मार्च

आज भोंग्याच्या वेळी सुपरवायझर खांबाच्या मागे उभा. मी खिडकीला धरून. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

११ मार्च

लेकीकडे गेले होते. सातवा लागलाय. पाय सुजलेत, पण बोलणं जोरात. "आई, बाळ झालं की तू इकडे यायचंस. महिनाभर. मला तूच हवीस." जावई म्हणाला, "नक्की या आई, तुमच्याशिवाय आमचं काही खरं नाही." बरं वाटलं.

विहीणबाई होत्याच. त्यांचं माझं कधी जमलं नाही. बाई तशी वाईट नाही, पण तोरा केवढा! कुणाकडे बघायचं झालं तर डोळा म्हणून हलवणार नाही, अख्खी फिरेल — कपाट सरकवल्यासारखी. बोलणार एवढं हळू की समोरच्याने पुढे वाकावं. आणि मी प्रत्येक वेळी ताजे टोस्ट नेते, आमच्या कारखान्यातले, कडक — ते चहात बुडवून बुडवून लगदा करणार आणि चमच्याने खाणार! आजही तेच. "आम्हाला कोरडं नाही हो चालत."

मी मूर्ख. बोलता बोलता डोळ्यांचं सांगून बसले. भोंग्याचंही. लेक हसून हसून बेजार. विहीणबाई हसल्या नाहीत. चमचा खाली ठेवला.

"मोठ्या आवाजाने तोल जातो?"

"हो ना."

"मग बाळ तुमच्या हातात असताना रडलं तर?"

लेकीचं हसू थांबलं.

"बघायला या," म्हणाल्या. "राहा हवं तेवढं. पण बाळ तुमच्या हातात द्यायचं नाही. मी देऊ देणार नाही."

१२ मार्च

दिवसभर तिच्याशी मनातल्या मनात भांडले. पाकिटांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. तू कोण गं मला सांगणारी! माझ्या लेकीचं बाळ!

१३ मार्च

राग कशाचा आला ते आज कळलं. बाई खरं बोलली.

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या सुनेचं बाळ मागून घेतलं. म्हटलं, बघू तरी. पलंगावर बसूनच घेतलं, तेवढी अक्कल होती. छान हसत होतं. मग त्याने तोंड उघडलं. खोली गेली तिरकी! मी बाळासकट उशीवर आडवी. बाळाला काही झालं नाही, त्याला मजाच वाटली. मला घाम फुटला. बाळ परत दिलं आणि जिन्यात कठडा धरून बसले.

नाही. हे बरं करायचं. बाळ यायच्या आधी.

१८ मार्च

मोठ्या दवाखान्यात गेले. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत, आवाज येतो तर कान दाखवा. कानाच्या खोलीत एक घाईतला डॉक्टर. "कान स्वच्छ आहेत, डोकं दाखवा." डोक्याचा म्हणाला, "काही ताण आहे का?" म्हटलं, आहे ना, तुमच्या बाहेरच्या बाकावर बसून बसून आलाय. त्याने मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. एक बाई, तिचे तुकडे किती, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा मजला!

मनाच्या डॉक्टरीणबाई गोड होत्या. हळू आवाजात विचारलं, "हे आवाज तुम्हाला काय म्हणतात?"

"कर्र म्हणतात."

"अजून काही? काही करायला सांगतात?"

"अहो बाई, ते डोळे आहेत. ते काय सांगणार!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं मन ठणठणीत आहे. तुम्ही आमच्या मोठ्या कानवाल्या सरांना भेटा. ते अशाच विचित्र केसेसवर अभ्यास करतात."

विचित्र तर विचित्र. कुणीतरी ठणठणीत म्हणालं.

२६ मार्च

मोठे कानवाले भेटले. टक्कल, जाड भिंगाचा चष्मा, कोटाच्या खिशात शाईचा डाग. मी सगळं सांगितलं. त्यांनी खणातून दोन पायांचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, आणि तो घुमत असताना त्याचा दांडा माझ्या पायाच्या घोट्याला लावला. घोट्याला! मी म्हटलं, डॉक्टर, कान वर आहे.

"कुठे ऐकू येतंय?"

"कानात. डाव्या."

ते उठले. परत बसले. परत उठले. दार उघडून ओरडले, "सगळे या! लवकर या!" शिकणारे डॉक्टर धावत आले. त्यांना वाटलं मी गेले.

"बाई, पुन्हा सांगा. चिमटा कुठे लावलाय?"

"घोट्याला."

"ऐकू कुठे येतंय?"

"कानात! किती वेळा सांगू? मी काय वेडी आहे?"

"नाही!" ते एवढ्या जोरात ओरडले की मी खुर्चीतून डावीकडे गेले. "बघा! कलल्या! आवाजाने कलल्या!" पेशंट पडल्यावर एवढा खूष झालेला डॉक्टर मी बघितला नव्हता. मला उचलायचं कुणाला सुचेना, सगळे माझे डोळे बघत होते.

मग नीट सांगितलं. कानाच्या पार आत, तोल सांभाळायच्या नळ्या असतात. त्यातल्या एका नळीवरचं हाड विरून भोक पडतं. तिळाएवढं. मग अंगातले सगळे आवाज त्या भोकातून आत — डोळ्यांचे, टाचांचे, चावण्याचे. आणि बाहेरचा मोठा आवाज आला की तोल बिघडतो. फोटो काढून खात्री करू, पण त्यांना आत्ताच खात्री आहे.

भोक! नुसतं भोक! मला रडूच आलं. डॉक्टर घाबरले. म्हटलं, रडू द्या हो, आनंदाचं आहे. ते रडणंही कानात वाजलं.

२ एप्रिल

फोटोत भोक दिसलं. ऑपरेशन करून बुजवता येतं.

नवरा एकदम जागा झाला. "म्हणजे गळतीच! मी म्हटलं नव्हतं?" मग डॉक्टरांना विचारतो, "बुजवणार कशाने?" हाडाचा चुरा आणि एक प्रकारचं मेण, डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने मान हलवली. "वाळायला किती वेळ द्याल? मी टाकीच्या भेगेत लांबी भरतो तेव्हा दिवसभर पाणी सोडत नाही." डॉक्टरांनी मन लावून ऐकलं! दोघं अर्धा तास बोलत बसले. माझं डोकं मध्ये ठेवून.

५ एप्रिल

एक गोष्ट डॉक्टरांनी हसण्यावारी नेली नाही. ऑपरेशनने डावा कान कमी ऐकू शकतो. क्वचित जातोही.

लेक म्हणाली, "आई, नको. तू बाळाला नुसती बघ." बघ म्हणे! मी काय पाहुणी आहे?

विहीणबाईंचा फोन. स्वतःहून कधी करत नाहीत. "तुम्ही खरंच करून घेणार?" हो म्हटलं. "भीती नाही वाटत?" म्हटलं, वाटते की! पण मला बाळ घ्यायचंय. मग हळूच, "कोणत्या डॉक्टरांकडे?" पाळत ठेवतेय बाई.

१४ एप्रिल

डॉक्टरांनी त्यांच्या सभेत बोलावलं. अशा केसेस गोळा करून ते संशोधन करतात, तर बाकी डॉक्टरांना मला दाखवायचं. विहीणबाई म्हणाल्या, "मीही येते. मला समजून घ्यायचंय." म्हणजे माझ्यावर विश्वास नाही!

हॉल भरलेला. समोरच्या भिंतीवर माझ्या घोट्याचा फोटो, भिंतीएवढा. आधी सांगितलं असतं तर टाच घासून आले असते. मग सगळे चिमटा लावायला रांगेत. एकाचे हात बर्फासारखे. एकाने उजव्या पायाला लावला, एकाने कोपराला, एकाने विचारून कपाळाला. शेवटी म्हटलं, ज्याला ज्याला शंका आहे त्याने हात गरम करून यावं.

मागून एक डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "आवाज नेमका कसा?" हाच तो, 'कान दाखवा' म्हणणारा! त्याच्याकडे बघून मुद्दाम डोळे गरागरा फिरवले. म्हटलं, आत्ता आला तसा. हॉल हसला.

सभेनंतर विहीणबाईंनी मोठ्या कानवाल्यांना कोपऱ्यात गाठलं. आधी कोणता आवाज येतो? तरुणपणी सुरू होतं का? आपोआप जातं का? वकिलासारखी उलटतपासणी. डॉक्टर खूष, म्हणाले, "तुम्हालाही लावून दाखवू?" आणि चिमटा आपटला. विहीणबाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढले. "नको! मला गुदगुल्या होतात!"

घोट्याला कुणाला गुदगुल्या होतात?

२ मे

उद्या. नवऱ्याने डॉक्टरांना निरोप दिलाय — घाई करू नका, कडा नीट साफ करून भरा.

६ मे

डोक्याला मोठं फडकं. खोली फिरते. ओकले. नवऱ्यावर ओकले. तो म्हणाला, "तुंबलेलं मोकळं झालं." हसले तर टाके दुखले.

१५ मे

शांत! देवा, किती शांत! डावीकडे बघितलं — काही नाही. उजवीकडे — काही नाही. टोस्ट खाल्ला. नुसता टोस्टच होता.

डावा कान थोडा मंद झालाय. नवरा त्या बाजूने बोलतो तेव्हा चालतं. त्याच्यावर डोळे वटारले, तर वाजलेच नाहीत. जरा चुकल्यासारखं झालं.

२८ मे

नात झाली! माय-लेकी सुखरूप. आवाज असा की नर्स म्हणाली, "ही भोंगाच आहे."

भोंगा. झालं का!

१ जून

आज लेकीच्या घरी परीक्षा. मी पलंगावर मधोमध. दोन्हीकडे उशा, खाली गादी. जावई मागे उभा. नवरा समोर उकिडवा, दोन्ही हात पसरून, जणू झेल यायचाय. विहीणबाई दारात, भिंतीला पाठ लावून.

लेकीने नात मांडीवर दिली. लाल तोंड, मुठी बंद. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. रडेना! एरवी घर डोक्यावर घेते आणि आता माझ्याकडे टकामका. नवऱ्याचे पाय आखडले. म्हणाला, "रड गं बाई."

मग रडली. काय रडली!

मी सरळ. भिंती सरळ. सगळं घर जागच्या जागी. उठून उभी राहिले, तिला खांद्यावर घेतलं — उजव्या नाही, मुद्दाम डाव्या — आणि खोलीभर फिरले. नवरा उकिडवाच, त्याला उठता येईना. जावयाने उठवला.

विहीणबाईंकडे गेले. म्हटलं, घ्या, तुमचीही नात आहे! तर त्या मागे सरकल्या. "मी बसून घेते." खुर्चीत बसल्या, दोन्हीकडे उशा मागवल्या, मग घेतली. पोरीने जरा ओठ वाकडे केले तशी लगेच परत माझ्या हातात. राणीसरकार!

२ जून

आजही तेच. घेते, पोरगी रडायच्या आधी परत देते. मग दारातून बघत बसते. लेक म्हणाली, "त्या अशाच आहेत, आई. कुणाचंच बाळ घेत नाहीत." मी म्हटलं, तोरा, दुसरं काय.

४ जून

दुपारी सगळे पांगले होते. विहीणबाई स्वयंपाकघरात आल्या, अख्ख्या वळून दार लावलं, आणि नळ सोडला.

"तो चिमटा लावतात तेव्हा दुखतं का हो?"

म्हटलं, नाही. का?

खाली बघत होत्या. "माझ्या पोराला मी उभ्याने कधी घेतलंच नाही. एकदाही नाही."

मी नळ बंद केला.

उद्या सकाळी दोघी जातोय, मोठ्या कानवाल्यांकडे. घरी सांगितलंय — टोस्ट आणायला.