पाच असमाधानी पाहिजेत

ती. मामांस,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (उत्तर एक ते पाच आकड्यांत दिलंत तरी चालेल. हल्ली मला तेवढंच कळतं.)

तुम्ही शब्द टाकलात म्हणून आरोग्य केंद्रात चिकटलो. काम सोपं. तपासून बाहेर आलेल्या रुग्णाला विचारायचं, समाधान झालं का? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण. पहिल्या आठवड्यात माझं टेबल औषधाच्या खिडकीला खेटून होतं. सगळे पाच म्हणाले. (गोळ्या अजून हातात पडायच्या होत्या आणि कंपाउंडरबाई कान देऊन होत्या.) म्हणून टेबल व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे पंखा आहे आणि केंद्रातली एकुलती एक पाठीची खुर्ची. लोक बसू लागले, मी ‘कसे आहात’ विचारू लागलो आणि घात झाला. सुना, जावई, झोप, दात, सगळं निघालं. एक आजोबा आठवड्यात तिसऱ्यांदा आले, आजार काहीच नसताना.

“किती थांबावं लागलं?” मी छापील प्रश्न विचारला.

“डॉक्टरकडे दहा मिनिटं. तुझ्याकडे दीड तास.”

“मग एक लिहू?”

“पाच लिही रे. तू मान तरी वर करतोस.”

शंभर फॉर्म झाले, शंभरही पाच. साहेबांनी ते हातात तोलले. “घरी बसून भरलेस? शुक्रवारपर्यंत पाच असमाधानी आण. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस.” खोटे भरावेत, तर हात धजत नाही. बाकी क्षेम.

तुमचा,
भाचा

ता. क. खरं काम आता लिहितो. मामींना गुरुवारी इकडे पाठवाल का? लग्नापासून आजवर त्यांना काहीही पसंत पडल्याचं ऐकिवात नाही. (तुम्ही धरून.) त्या एकट्या पाचांना भारी आहेत.

ता. क. २. पाकीट चिकटवतोय तोच मामी खोकत दारात. खुर्चीवर बसल्या, पाऊण तास बोलल्या, पदराने डोळे टिपले आणि पाच म्हणाल्या. आता तुम्हीच या. निघण्याआधी मामींना एकदा ‘कशी आहेस’ विचारा आणि उत्तर संपेपर्यंत उभे राहा. इथे पोचेपर्यंत तुम्ही माझ्या कामाचे झालेले असाल.