डब्याची ओटी

१० जानेवारी २००४
आज गावाकडून औरंगाबादेत हर्सूलला लेकाकडं राहायला आले. आल्या आल्या नातीनं, उमानं, ही डायरी हातात दिली. म्हणली, आजी, दिवसभर बोलतीस ते यात लिही, आमचे कान वाचतील. लई आगाऊ कार्टी! मी दुसरी पास, जोडाक्षर आलं की हात अडतो. पण लिहीन. लेक बद्रीनाथ शेंद्र्याच्या कारखान्यात, सून शाळेत शिकवती, मग बोलायचं भिंतीशी? उमा कॉलेजातल्या पोरापोरींसंगं आगगाडीचा जुना लाकडी डबा दुरुस्त करती, म्युझियममधी ठेवायला. पगार नाय, नुसती हौस. म्हणलं, मलाबी ने.

१२ जानेवारी
डबा बघितला. निजामाच्या काळातलं सागवान, घासलं की अजून वास येतो. चाकं काढलेली, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलाय. कामाचे म्होरके श्रीनिवास सर. त्यांनी विचारलं, आजी, तुम्हाला काय येतं? म्हणलं, गोधडी येती अन् भांडण येतं. पोट धरून हसले, बाकांच्या गाद्या शिवायला दिल्या. एका टोकाला बायकांचा कप्पा हाय. दार एकच, कडी बाहेरून. माझ्या लग्नात कुठली आगगाडी? बैलगाडी होती. वाटेत बैल बसला तो उठंना, सासरे त्याच्या पाया पडायचे बाकी राहिले. असो.

१५ जानेवारी, संक्रांत
नवी फटफटी आणली तरी आपण नारळ फोडतो, मग एवढा मोठा डबा कोरडा कसा ठेवायचा? मी बायकांच्या कप्प्याचीच ओटी भरली. बाकावर खण, नारळ, तांदूळ, वर बोरं अन् हरभऱ्याचे घाटे. हौसेनं म्हणलं, बाई, तू कुणाची कोण, हे तुझं माहेर समज, मी तुझी आई. पोरींनी टाळ्या वाजवल्या. तिळगूळ वाटला. लई गोड दिवस गेला.

१८ जानेवारी
ओटी गेली. तांदळाचा दाणासुद्धा नाय. उंदरानं बोरं खाल्ली म्हणावं, पण खण? करमाडची आवडाबाई आमचा सैपाक करती. तिला सांगितलं तर तिच्या हातातलं उलथणं पडलं. म्हणली, काय केलं हो आक्का!

तिच्या गावची एक पोर, पोलीस ॲक्शननंतर वर्षा-दोन वर्षांत लगीन झालेली. सावत्र आईनं याच कप्प्यात बसवून सासरी धाडली. नवरीसंगं माहेरची एखादी बाई जाती, पाठराखीण म्हणून, तीसुद्धा दिली नाय. पोर खिडकीतून रडत होती, कुणीतरी द्या गं माझ्यासंगं. औरंगाबादला कडी काढली तर आत कुणीच नाय. पुढं त्या कप्प्यात एकटीदुकटी बसलेली बाई उतरायचीच नाय म्हणे. मग रेल्वेनं कप्प्याला कुलूप घातलं.

आवडाबाईचं तोंड लई चालतं. तरी जेवण गेलं नाय मला.

२० जानेवारी
बायकांच्या कप्प्यातली, कालच शिवलेली गादी. मधी खोल दबलेली, कुणी आत्ता उठून गेल्यावानी. हात लावला. गरम. उमा आता जेवणाचा डबा तिथंच बसून खाती. म्हणती, गार वाटतं. हाका मारल्या तरी वळत नाय.

२२ जानेवारी
उमाच्या हातात हिरवा चुडा. मी विचारलं कुठून आणला, तर म्हणली, तिनं भरला. काढायला गेले. निघंना. कातडी ओढली जाती बांगडीबरोबर.

पिशवीत कपडे भरत होती. गोड आवाजात म्हणली, आजी, पाठराखीण माहेरानंच द्यायची असती ना?

माहेर म्हणलं कुणी? मीच. माझ्याच तोंडानं. आता ती माझ्या घरातून माणूस मागती.

२३ जानेवारी
सर म्हणाले, पोरीला दोन दिवस आराम द्या. बद्रीनाथ म्हणला, आई, गावाकडची भुतं इथं आणू नको. कप्प्यात जाऊन पदर पसरला, ओटी परत दे म्हणलं. भरलेली ओटी कुठं परत येती?

उमाला खोलीत कोंडली. दार खरवडत होती. नखं निघाली — सुनेनं रडत कडी काढली.

२४ जानेवारी, भर दुपार
उमाच्या आधी मी आले. कप्प्यात बसले. म्हणलं, बाई, मी आई ना तुझी, मीच येते पाठराखीण. माझ्या पोरीला सोड.

कडी पडली. बाहेरून. बाहेर कुणी नव्हतं —

लिहून ठेवते. घरच्यांना कळावं —

डबा हालतोय. चाकं नायत, तरी —

लख्ख ऊन हाय. समोरच्या बाकावर बाया. बायाच बाया. पदर पुढं, मांडीवर ओट्या. माझ्या गादीवर ती. माझा खण नेसलीय नुसता, तेवढाच —

सरकल्या. मला जागा केली. बसले.

अजून सरकत्यात. कशाला? मी एकटीच हाय. एकटीच आले मी —

बाहेर बांगड्या वाजत्यात. कडी कोण काढतंय?

उमे, नको. माघारी फिर. उमे, पायरीवर पाय ठेवू न