एकशे वीस, ऐंशी

ताई,

परदेशातल्या या खेड्यात माझं डॉक्टरकीचं शिक्षण मजेत चाललंय, असं मी फोनवर म्हणालो. ते खोटं होतं.

सोमवारी दवाखान्यात गरोदर बायकांची रांग होती. मी रक्तदाब मोजायचा आणि नर्सबाईंनी वहीत लिहायचा. गलक्यात मला ठोके ऐकूच येईनात. पुन्हा पट्टा बांधायची लाज वाटली, म्हणून प्रत्येकीचा रक्तदाब निरोगी माणसासारखा "एकशे वीस, ऐंशी" सांगत सुटलो.

नर्सबाई हसल्या. "अहो डॉक्टर, अख्खं गाव एकाच साच्यातलं दिसतंय!"

मीही हसलो. एक जण डोकं फार दुखतंय म्हणत होती. तिलाही मी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी रक्तदाब वाढून तिला झटके आले. ती वाचली, बाळ गेलं.

मोठे डॉक्टर वही आपटून नर्सबाईंवर ओरडले, "असं मोजता?" वहीतलं अक्षर नर्सबाईंचं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली.

त्यांना कामावर ठेवायचं की नाही, ते उद्या ठरणार आहे. तू स्वतः नर्स आहेस. हे वाचून एवढंच विचारशील, "मग तू खरं सांगितलंस ना?" म्हणूनच हे पत्र तुला पाठवायचं धाडस होत नाही.

तुझा,
धाकटा