खालून दिसत नाही

प्रिय शिडी,

हे तुझ्या हाती पडेल तेव्हा तू बुटाच्या नाड्या बांधत असशील. फाडायचं तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून.

घर बांधलं तेव्हा मी सगळी दारं आठ फुटी केली. कारखाना माझा, दारं माझी, मला कोण अडवणार? सुतार म्हणाला, "मालक, हत्ती पाळताय का?" म्हटलं, "दोन आहेत." तरी तू आजही घरातल्या प्रत्येक दारात मान झुकवतोसच.

तुझा खेळ मी तुझ्याच तोंडून शिकलो. पूर्वी म्हणे उंच पोरांना बोजड समजून बाकावर बसवायचे. मग असे काही आले की बास्केटच्या तोंडाशी पोचलेला चेंडू वरच्या वर टोलवायला लागले, आणि त्यांच्यापायी नियम बदलावे लागले. हे तू हातवारे करून सांगायचास. त्यांतल्या कितीकांचे गुडघे लवकर गेले, काही खेळता खेळता कोसळले, तेवढं गाळायचास. ते मी नंतर स्वतः वाचलं, तुझ्या काकापायी. आपल्या घरात ही उंची आधी त्याच्याकडेच होती. ऐन बाविशीत, चेंडू हातात असताना गेला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली. डॉक्टर म्हणाले, अशा लांबलचक अंगकाठीच्या काही माणसांत ती कच्ची असते, आणि हे घराण्यात उतरू शकतं.

म्हणून संघाने हृदयाची तपासणी मागितली तेव्हा मला हायसं वाटलं. रिपोर्ट चांगला आला, आईने सगळ्यांना फोन केले. तू मात्र ताटावरून लवकर उठलास. माझे कान तुला ठाऊक आहेत. सगळ्या करवती चालू असताना कुठली बोथट झालीय ते मी केबिनमधून सांगतो. जिन्याच्या वळणावर तुझी पावलं थांबतात, धाप लागते, मग तू फोनवर बोलायला लागतोस. पलीकडे कुणी नसतं, तेही ऐकू येतं रे.

काल तुम्ही दोघं भाऊ स्वयंपाकघरात खिदळत होतात. थोरला सांगत होता, "त्या बाई मान वर करून 'वर हवा कशी आहे' एवढंच म्हणाल्या. तोंडाकडे बघितलंच नाही. तुझं नाव सांगितलं आणि तपासणीच्या टेबलावर आडवा झालो." तू म्हणालास, "बरं झालं, तुझं तरी काळीज धड निघालं." मग दोघंही हसायचे थांबलात. मी भिंतीपलीकडे पाण्याचा पेला धरून उभा होतो. लोक उंची बघतात, चेहरा नाही, म्हणून लहानपणी दोघंही रडायचात. थोरला तुझ्याहून चार बोटं कमी, पण खालून ते कुणाला दिसणार?

आज सकाळी थोरल्याला समोर बसवलं. तो एवढा मोठा घोडा, माझ्या खांद्यावर वाकून रडला. मग मी तुझ्या कोचना फोन करून सगळं सांगितलं. आजच्या अंतिम सामन्यात तू नाहीस. हे त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून थोरल्याच्याच हाती हे पाठवतोय. मी क्रीडागृहाबाहेर गाडीत आहे, इस्पितळात वेळ घेतलीय. शिव्या घाल, वर्षभर बोलू नकोस, पण ये. धावू नकोस, सावकाश ये. आणि बाहेर पडताना मान झुकवू नकोस. ते दार उंच आहे, मी बघून आलोय.

तुझाच,
खाली उभा असलेला बाबा