बिनकॉफीची बाटली

हिर्विलाहती, ४ मार्च

चि. पिल्वी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगशाळेला निरोगी म्हाताऱ्यांची लघवी हवी आहे, हे वाचून तुझ्या आईने विचारलं, इतकी वर्षं पोरगी हेच शिकली का? मी मात्र तुझी बाजू घेतली. सोबत बाटली पाठवतो आहे. फॉर्मवर वय एकाहत्तर, तब्येत ठणठणीत, असं लिहिलं आहे. पण काही वेडंवाकडं निघालं तर लगेच कळव, आडपडदा ठेवू नकोस.

तळ्यावरचा बर्फ अजून भक्कम आहे. कालेर्वो आणि मी रोज त्यात पाडलेल्या भोकाशी गळ टाकून बसतो आणि मासे आम्हाला हसतात.

म्हाताऱ्या मामावर जीव असू दे.
तौनो

कुओपिओ, २७ मार्च

ती. स्व. तौनोमामांस पिल्वीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मामा, तुम्ही लबाड आहात! पेशीतल्या आरएनएच्या अक्षरांना शरीर बारीक रासायनिक खुणा जोडतं, आपण काना-मात्रा देतो तशा. आरएनए मोडलं की ती खुणांची अक्षरं लघवीतून बाहेर पडतात आणि आम्ही ती मोजतो. काही आजारांत ती वाढतात. तुमच्या बाटलीत ती भलतीच जास्त निघाली. घाबरून मी यंत्राचे सगळे आकडे पुन्हा तपासले, तर कॉफीचा मागमूस नाही! दिवसाला अकरा कप रिचवणारा माझा मामा, आणि लघवीत कॉफी नाही?

बाटली कोणाची, ते मुकाट्याने कळवा. एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण त्या माणसाने डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि लवकर. तुमच्यापायी आमच्या प्रमुख बाईंनी माझी चांगली कानउघाडणी केली.

रागावले आहे, तरी लोभ आहे, तुमचाही असावा.
पिल्वी

हिर्विलाहती, ३१ मार्च

चि. पिल्वी हिस आशीर्वाद.

बाटली कालेर्वोची. शरद ऋतूत एकदा सौनात वाफ घेतल्यावर मी पुढे केलेला कॉफीचा कप त्याने बाजूला सारला, तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. मग त्याचा पट्टाही दोन भोकं आत गेला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतो, तिथे आजारी माणसं जातात. म्हणून थाप मारली, की बंदुकीच्या परवान्यासाठी बाटली भरून द्यावी लागते. लगेच दिली. भोळा आहे बिचारा! आता सांगितलंय, परवान्याच्या कचेरीने डॉक्टरचा दाखलाही मागितला आहे. मंगळवारी मीच घेऊन जातोय.

मला भीती वाटते गं. शाळेपासूनचा तो एकच उरला आहे.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तौनो

हिर्विलाहती, १२ जून

चि. पिल्वी हिस कालेर्वोकाकाचे आशीर्वाद.

आतड्यातली गाठ काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. तुझा मामा मला कसं गंडवलं ते गावभर सांगत फिरतो आहे. अगं, माझी बंदूक चार वर्षांपूर्वी त्यानेच विकत घेतली! बंदूकच नाही तर परवाना कसला? शिवाय बाटलीवर तुमच्या प्रयोगशाळेचं नाव छापलं होतं, आणि मला वाचता येतं.

हिवाळाभर शौचावाटे रक्त पडत होतं. डॉक्टरकडे जायचं धैर्य नव्हतं, तौनोला सांगायची लाज वाटत होती. त्याने बाटली पुढे केली तेव्हा सौनाच्या भिंतीआड जाऊन आधी रडलो, मग ती भरली.

हे पत्र चुलीत घाल, माया मात्र राहू दे. तौनोला काही कळता कामा नये. मला फसवल्याच्या आनंदात तो आणखी दहा वर्षं मिरवेल, आणि मला ती दहाही वर्षं बघायची आहेत.

कालेर्वो